रिस्क-फाइव्ह बोर्डावर जीडीबी बसवताना: रजिस्टरच्या तक्त्यापासून बॅकट्रेसपर्यंत

बोअरच्या मोटरीचा कंट्रोलर किंवा ठिबकचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा बोर्ड मध्येच अडकायला लागला, की पहिला उपाय एलईडी लुकलुकवण्याचा आणि दुसरा सीरियल पोर्टवर प्रिंट मारण्याचा. दोन्हींची हद्द लवकर संपते. ११५२०० च्या वेगाने ४० अक्षरांची एक ओळ पाठवायला साडेतीन मिलिसेकंद जातात. तेवढ्यात एक मिलिसेकंदाचा टायमर तीनदा वाजून जातो आणि वेळेच्या गणितामुळे होणारी चूक प्रिंट टाकल्याबरोबर गायब होते. प्रिंट काढला की परत हजर. अशा ठिकाणी खरा डीबगरच लागतो, म्हणजे चालता प्रोग्राम हवा तिथं थांबवून आतली स्थिती दाखवणारं साधन. जीडीबी हा असाच एक डीबगर, आणि तो आपल्या बोर्डासाठी चालता करणं म्हणजे त्याचा पोर्ट.

हा लेख मराठवाड्यात मोटर-ठिबकचे कंट्रोलर बनवणारी छोटी वर्कशॉप्स आणि नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजांत फायनल इयरचं प्रोजेक्ट करणारी मुलं यांना समोर ठेवून लिहिला आहे. उदाहरण ३२-बिट रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर आर्किटेक्चरचं, म्हणजे इन्स्ट्रक्शन आणि रजिस्टरांच्या आराखड्याचं, घेतलं आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही प्रोसेसर याच घराण्यातले. शिवाय हे आर्किटेक्चर खुलं असल्यामुळे मॅन्युअल वाचायला कुणाच्या दारात जावं लागत नाही.

काम नेमकं कुठं आहे

जीडीबीचा बहुतेक भाग चिपच्या भानगडीत पडतच नाही. सोर्सची ओळ शोधणं, व्हेरिएबलचा टाइप समजून घेणं, एक्स्प्रेशन सोडवणं ही कामं सगळ्या चिपांना सारखीच. आर्किटेक्चरला तो मोजकेच प्रश्न विचारतो. रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले आकडे ठेवायचे कप्पे, किती आणि कोणत्या क्रमाने? प्रोग्राम थांबवायला कोणती इन्स्ट्रक्शन? थांबल्यावर पीसी (प्रोग्राम काउंटर, म्हणजे चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) कुठं दिसतो? एकच इन्स्ट्रक्शन चालवून पुन्हा कसं थांबायचं? या फंक्शनला कुणी बोलावलं ते कसं ओळखायचं (बोलावणाऱ्यांची ही साखळी म्हणजे बॅकट्रेस)? आर्ग्युमेंट आणि उत्तर कुठल्या रजिस्टरमधून जातं? या प्रश्नांची उत्तरं याच क्रमाने पक्की केली तर पोर्ट सरळ जातो. क्रम मोडला, उदाहरणार्थ स्टेप धड चालत नसताना बॅकट्रेस दुरुस्त करायला बसलं, तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि आठवडा जातो.

ही उत्तरं दोन टोकांना विभागलेली असतात. लॅपटॉपवरचा जीडीबी म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा. बोर्डावर त्याचं ऐकणारा छोटा प्रोग्राम म्हणजे स्टब. रिस्क-फाइव्हची माहिती जीडीबीला आधीपासून आहे, म्हणून आपलं बरंचसं काम स्टबमध्ये आहे. एफपीजीएवर (आतलं सर्किट आपल्याला ठरवता येतं अशा चिपवर) स्वतःच रचलेला इन्स्ट्रक्शन सेट असेल तर जीडीबीच्या सोर्समध्येही हात घालावा लागतो, त्याकडे शेवटी येऊ. बोर्डाला जेटॅग, म्हणजे बाहेरून डीबग करायच्या, पिना असतील आणि त्यांना लावायचा प्रोब हाताशी असेल, तर ओपनओसीडी हा तयार प्रोग्राम वापरून मोकळं व्हावं. स्टबचा खटाटोप जेटॅग नसलेल्या किंवा पिना बाहेर न काढलेल्या बोर्डांसाठी आहे.

हाताशी एवढं असू द्या: रिस्क-फाइव्ह मॅन्युअलचे दोन्ही भाग, म्हणजे साध्या इन्स्ट्रक्शनचा आणि प्रिव्हिलेज्डचा, एबीआयचा (फंक्शनांनी रजिस्टर कसे वापरायचे या नियमांचा) दस्तऐवज, चिपचं डेटाशीट, लॅपटॉपवर बोर्डासाठी कोड बनवणारा क्रॉस कंपायलर, बोर्डाची नक्कल करणारा क्यूईएमयू, आणि ३.३ व्होल्टचा यूएसबी-सीरियल अडॅप्टर. ५ व्होल्टचा लावाल तर पिन जाईल.

पायरी १: तक्ता कागदावर

कोड लिहायच्या आधी एका पानावर तीन रकाने आखा: जीडीबीचा रजिस्टर क्रमांक, सेव्ह करायच्या जागेतला ऑफसेट आणि ड्वार्फचा, म्हणजे कंपायलर डीबगरसाठी लिहून ठेवतो त्या माहितीतला, क्रमांक. रिस्क-फाइव्हमध्ये एक्स० ते एक्स३१ हे क्रमांक ० ते ३१ आणि पीसी ३२ वा. एकूण ३३ रजिस्टर, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे १३२ बाइट. सीरियलवर प्रत्येक बाइट दोन हेक्स अक्षरांत जातो, म्हणून २६४ अक्षरं. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवला तरी चालेल.

एक्स० कायम शून्य असतो, म्हणून तो वगळावा असं वाटतं. वगळू नका, तक्त्यात त्याची जागा आहे. तो गाळला की सगळे रजिस्टर एका घराने सरकतात. स्टॅक पॉइंटरच्या जागी ग्लोबल पॉइंटर दिसायला लागतो, आणि दोन्ही आकडे मेमरीचे खरे पत्ते वाटतात म्हणून चूक चटकन ध्यानात येत नाही.

दुसरा खड्डा फ्लोटिंग रजिस्टरचा. ड्वार्फच्या हिशोबाने एफ० चा क्रमांक ३२, तर जीडीबीत ३२ वर पीसी बसलेला असतो आणि एफ० असतो ३३. रिस्क-फाइव्हच्या पोर्टमध्ये हे रूपांतर केलेलं आहे. पण नवीन पोर्ट लिहिणारा नेमका इथं घसरतो आणि फ्लोट व्हेरिएबलमध्ये पीसीचा आकडा छापला जातो. दोन क्रमांक ३१ पर्यंत जुळले म्हणून पुढेही जुळतील असं कधी धरू नये.

पायरी २: पॅकेट

जीडीबी आणि स्टबचं बोलणं साध्या अक्षरांत चालतं. डॉलरचं चिन्ह, मग मजकूर, मग हॅश आणि दोन हेक्स अंकांचा चेकसम. मजकुरातल्या अक्षरांची बेरीज करायची आणि २५६ ने भागून उरलेली बाकी हाच चेकसम.

एक हातानेच करून बघा. हेक्स ८००००००० या पत्त्यावरचे ४ बाइट वाचायचे आहेत. मजकूर होतो: लहान लिपीतला एम, मग ८ आणि सात शून्यं, स्वल्पविराम, ४. आस्की आकडे १०९, ५६, सात वेळा ४८ म्हणजे ३३६, ४४ आणि ५२. बेरीज ५९७. त्यातून ५१२ वजा केले की ८५, म्हणजे हेक्समध्ये ५५. हॅशनंतर ५५ जायला हवं. ही बेरीज तुमच्या फंक्शनकडून तंतोतंत निघाली की पुढं जा.

पॅकेट नीट मिळालं तर अधिकचं चिन्ह पाठवायचं, बिघडलं तर वजा. जी कमांड समजत नाही तिला रिकामं उत्तर द्यायचं, म्हणजे डॉलर, हॅश, दोन शून्यं. नवशिक्या स्टबात सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथली आहे: न समजलेल्या कमांडला ओके किंवा एरर पाठवणं. रिकाम्या उत्तराचा अर्थ जीडीबी ‘हे जमत नाही’ असा घेतो आणि दुसरा मार्ग धरतो. ओके पाठवलं तर तो विसंबून बसतो.

सुरुवातीला मोजक्या कमांड पुरतात: थांबण्याचं कारण विचारणारं प्रश्नचिन्ह, सगळे रजिस्टर वाचणारा लहान जी आणि लिहिणारा मोठा जी, मेमरी वाचणारा लहान एम आणि लिहिणारा मोठा एम, पुढं चालवणारा सी, एक पाऊल टाकणारा एस. प्रश्नचिन्हाला मोठा एस आणि ०५ हे उत्तर द्या, ५ म्हणजे ट्रॅपचा सिग्नल.

पत्ता पॅकेटमध्ये आपण लिहितो तसा सरळ येतो, पण रजिस्टरच्या किमती चिपच्या बाइट क्रमाने जातात. रिस्क-फाइव्ह लिटल एंडियन आहे, म्हणजे शेवटचा बाइट आधी, म्हणून पीसी हेक्स ८००००००० असेल तर ००००००८० असं पाठवायचं. पीसी ८० असा दिसला तर हेच उलटं झालंय समजा.

मेमरी वाचताना रुंदी सांभाळा. ४ बाइट मागितले आणि पत्ता ४ ने भाग जाणारा असेल तर एकाच लोडमध्ये वाचा. पेरिफेरलच्या रजिस्टरला बाइट-बाइट करून हात लावला तर काही चिपांवर फॉल्ट येतो. यूएआरटीचा (सीरियल पोर्टच्या हार्डवेअरचा) डेटा रजिस्टर तर नुसता वाचला तरी त्यातलं अक्षर निघून जातं. डीबगरमध्ये तो पत्ता उघडून बसलं की येणारे बाइट गायब होतात, आणि दोष मात्र केबलला दिला जातो.

पायरी ३: ट्रॅपमध्ये शिरणं आणि बाहेर पडणं

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो आणि जाऊ द्यावा.

ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, लागला की ट्रॅप होतो: प्रोसेसर चालू काम सोडून एमटीव्हेक या कंट्रोल रजिस्टरमधल्या पत्त्यावर, म्हणजे हँडलरकडे, उडी मारतो. एमईपीसीमध्ये थांबलेल्या जागेचा पत्ता आणि एमकॉजमध्ये कारण असतं. ब्रेकपॉइंटचं कारण ३. पण मशीन सॉफ्टवेअर इंटरप्टचा क्रमांकही ३ आहे, फक्त त्यात एमकॉजचा सगळ्यात वरचा बिट १ असतो. नुसते खालचे बिट तपासले तर आरटीओएसने (अनेक टास्क चालवणाऱ्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमने) टास्क बदलायला टाकलेला इंटरप्ट तुम्हाला ब्रेकपॉइंट वाटेल.

एमटीव्हेकचा पत्ता ४ च्या पटीत हवा, कारण खालचे दोन बिट मोडसाठी राखलेले आहेत. कंप्रेस्ड, म्हणजे २ बाइटच्या, इन्स्ट्रक्शन असलेल्या कोडमध्ये फंक्शन २ च्या पटीत कुठंही बसू शकतं. म्हणून हँडलरला अलाइनमेंट स्पष्ट लिहून द्या.

शिरताना एकही रजिस्टर मोकळा नसतो. त्यासाठी एमस्क्रॅच या कंट्रोल रजिस्टरमध्ये सेव्ह जागेचा पत्ता आधीच ठेवायचा आणि पहिल्याच इन्स्ट्रक्शनने स्टॅक पॉइंटर आणि एमस्क्रॅच यांची अदलाबदल करायची. आता एक्स१ ऑफसेट ४ वर, एक्स३ ऑफसेट १२ वर, असे एक्स३१ पर्यंत ठेवा. एक्स२ ची जागा तात्पुरती रिकामी. एक्स१ सेव्ह झालेला आहे, म्हणून तो वापरायला मोकळा: एमस्क्रॅचमधून जुना स्टॅक पॉइंटर त्यात घ्या आणि ऑफसेट ८ वर ठेवा, मग एमईपीसी घेऊन ऑफसेट १२८ वर. शेवटी सेव्ह जागेचा पत्ता एमस्क्रॅचमध्ये परत टाका आणि स्टॅक पॉइंटर स्टबच्या स्वतःच्या स्टॅकवर न्या. १ केबी भरपूर होतो. प्रोग्रामचाच स्टॅक वापरायचा मोह टाळा, कारण तो फुटलेला असण्याची शक्यता धरूनच डीबगर लावलेला असतो.

आता खरी मेख. कुणी डीबगरमध्ये अस्तित्वातच नसलेला पत्ता वाचायला सांगितला, तर तो लोड स्टब करतो आणि फॉल्ट स्टबच्या आत येतो. हाच हँडलर पुन्हा चालला तर प्रोग्रामच्या रजिस्टरवर स्टबचे रजिस्टर लिहिले जातील. उपाय असा: स्टबमध्ये शिरल्यावर एमटीव्हेक दुसऱ्या छोट्या हँडलरकडे वळवा. त्याने फक्त एक फ्लॅग लावायचा, एमईपीसी पुढच्या इन्स्ट्रक्शनवर न्यायचा आणि परतायचं. मेमरी वाचणारं फंक्शन असेंब्लीत लिहा, त्यातली लोड-स्टोअर पूर्ण ४ बाइटची ठेवा, म्हणजे ‘पुढे न्या’ याचा अर्थ नेहमी ४ मिळवा. टी० आणि टी१ हे दोन रजिस्टर त्या हँडलरसाठी राखून ठेवा. फ्लॅग लागलेला दिसला की जीडीबीला ई०१ पाठवा. मग ‘कॅनॉट ॲक्सेस मेमरी’ असा शहाणा संदेश दिसतो आणि बोर्ड जिवंत राहतो.

एवढं करूनही पुढचं दुखणं उरतं. असा वाईट पत्ता वाचला, एरर नीट आली, आणि मग ‘कंटिन्यू’ म्हटलं की प्रोग्राम भलतीकडेच कोसळतो. कारण एमस्टेटस, म्हणजे मोड आणि इंटरप्टची स्थिती ठेवणारा रजिस्टर. आतल्या ट्रॅपमधून एमरेट या परतीच्या इन्स्ट्रक्शनने परतताना प्रोसेसर त्यातलं एमपीपी हे खातं सगळ्यात खालच्या मोडवर आणून ठेवतो. चिपला युजर मोड असेल तर स्टबचा शेवटचा एमरेट प्रोग्रामला सगळे अधिकार असलेल्या मशीन मोडऐवजी युजर मोडमध्ये सोडतो, आणि पुढच्याच कंट्रोल रजिस्टरला हात लावल्यावर इल्लीगल इन्स्ट्रक्शन, म्हणजे एमकॉज २. इंटरप्टचा बिटही असाच बिघडतो. म्हणून शिरतानाच एमस्टेटस सेव्ह करा आणि बाहेर पडताना, एमरेटच्या आधी, परत घाला. जीडीबीच्या ३३ रजिस्टरांत हा मोडत नाही, म्हणून त्याची जागा तक्त्याच्या बाहेर, ऑफसेट १३२ वर.

आणखी एक साधी गोष्ट: फर्मवेअर सुरू होताना स्वतःचा एमटीव्हेक बसवतो आणि तुमचा हँडलर पुसला जातो. मग ब्रेकपॉइंट लागला की बोर्ड नुसता हँग. स्टब नंतर बसवा, आणि एमकॉज आपल्या कामाचा नसेल तर फर्मवेअरच्या जुन्या हँडलरकडे पाठवा.

पायरी ४: ब्रेकपॉइंट

सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट म्हणजे मूळ इन्स्ट्रक्शन बाजूला ठेवून त्या जागी ईब्रेक लिहिणं. ४ बाइटचा ईब्रेक हेक्स ००१०००७३, आणि कंप्रेस्ड २ बाइटचा हेक्स ९००२. मूळ इन्स्ट्रक्शन जेवढी, ब्रेकपॉइंटही तेवढाच. २ बाइटच्या जागी ४ बाइटचा बसवला तर शेजारची इन्स्ट्रक्शन मरते. दुसऱ्या वाटेने थेट त्या शेजारच्या जागी उडी आली तर प्रोसेसर ईब्रेकचा वरचा अर्धा भाग इन्स्ट्रक्शन म्हणून चालवेल. लांबी ओळखणं सोपं: इन्स्ट्रक्शनचे सगळ्यात खालचे दोन्ही बिट १ असतील तर ४ बाइट, नाहीतर २. मोठा झेड आणि शून्याच्या पॅकेटमध्ये जीडीबी ही लांबी तिसऱ्या आकड्यात पाठवतो. ती वापरा. हे पॅकेट तुम्ही शिकवलं नाही तरी चालतं, जीडीबी स्वतः मेमरी लिहून काम भागवतो.

लिहिताना ४ बाइट एकदम लिहू नका. कंप्रेस्ड कोडमध्ये ४ बाइटची इन्स्ट्रक्शन २ च्या पटीतल्या पत्त्यावर असू शकते आणि बऱ्याच छोट्या कोअरना असा आडवा स्टोअर चालत नाही. दोन अर्ध्या शब्दांत लिहा. मग फेन्स-आय ही इन्स्ट्रक्शन चालवा, नाहीतर इन्स्ट्रक्शन कॅशमध्ये जुनीच प्रत राहते आणि ब्रेकपॉइंट ‘कधी लागतो, कधी लागत नाही’ असा होतो. क्यूईएमयूवर नीट आणि बोर्डावर लहरी चालत असेल तर पहिला संशय इथंच घ्या.

थांबल्यावर पीसी कुठं असतो हा प्रश्न प्रत्येक आर्किटेक्चरला वेगळा. एक्स८६ वर ब्रेकपॉइंट एक बाइटचा असतो आणि पीसी तो ओलांडून पुढं गेलेला असतो, म्हणून एक वजा करावा लागतो. रिस्क-फाइव्हवर एमईपीसी ईब्रेकवरच असतो, वजा काही करायचं नाही. पण याची दुसरी बाजू आहे: सोर्समध्ये तुम्ही स्वतः लिहिलेला ईब्रेक असेल तर कंटिन्यू केल्यावर तो पुन्हा तिथंच अडकतो. स्टबने आपण बसवलेल्या ब्रेकपॉइंटची यादी ठेवावी. यादीत नसलेल्या ईब्रेकवर थांबला असेल तर कंटिन्यू करताना पीसी त्याच्या लांबीने पुढे न्यावा.

कोड फ्लॅशमध्ये असेल तर यातलं काहीच चालत नाही. लिहिणं एकतर फॉल्ट देतं किंवा गुपचूप वाया जातं. लिहून झाल्यावर परत वाचून बघा, जुळलं नाही तर एरर द्या. चिपमध्ये हार्डवेअर ट्रिगर असतील तर टीसिलेक्ट, टीडेटा१, टीडेटा२ वापरून पत्त्यावर सापळा लावता येतो, पण ट्रिगर मोजकेच असतात. डीबगिंगपुरता प्रोग्राम रॅममधून चालवणं हा आमच्या मते जास्त सुखाचा मार्ग, रॅम पुरत असेल तर.

पायरी ५: एक पाऊल

स्टेप चालत नसेल तर कंटिन्यूही चालत नाही. कारण ब्रेकपॉइंटवर थांबल्यावर पुढं जाताना जीडीबी मूळ इन्स्ट्रक्शन परत ठेवतो, एक पाऊल टाकतो, ब्रेकपॉइंट पुन्हा बसवतो आणि मगच सोडतो. ‘पहिल्यांदा थांबतो, दुसऱ्यांदा पळून जातो’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा स्टेपमध्ये असतं.

एक्स८६ ला ट्रॅप फ्लॅग आहे: एक बिट लावला की काम झालं. रिस्क-फाइव्हमध्ये एका पावलाचा बिट फक्त बाहेरच्या डीबग मोडमध्ये मिळतो. मशीन मोडमधल्या स्टबला तो मिळत नाही. म्हणून पुढची इन्स्ट्रक्शन कुठली हे आपणच काढायचं आणि तिथं तात्पुरता ईब्रेक ठेवायचा. ब्रांच असेल तर अट सेव्ह केलेल्या रजिस्टरांवर तपासा, दोन्हीकडे ब्रेकपॉइंट टाकायची गरज नाही. जाल या उडीच्या इन्स्ट्रक्शनसाठी पीसी अधिक ऑफसेट. जालार या रजिस्टरवरून मारायच्या उडीसाठी रजिस्टर अधिक ऑफसेट आणि सगळ्यात खालचा बिट शून्य. कंप्रेस्डमधल्या उड्या विसरू नका. त्यात सी-जाल फक्त ३२-बिटमध्ये आहे. ६४-बिटमध्ये त्याच बिटांचा अर्थ वेगळीच बेरीज असा होतो, म्हणून इंटरनेटवरून उचललेला ६४-बिटचा डिकोडर इथं दगा देतो.

जागच्या जागी फिरणाऱ्या उडीची काळजी करू नका. ब्रेकपॉइंट तिच्याच डोक्यावर बसतो आणि ती प्रत्यक्षात चालतच नाही, पण चालली असती तरी स्थिती तीच राहिली असती.

काळजी करायची ती एलआर (वाचून रिझर्व्हेशन घेणारा) आणि एससी (ते टिकलं तरच लिहिणारा) या जोडीची. एलआरने घेतलेलं रिझर्व्हेशन मध्ये ट्रॅप आला की टिकेल याची खात्री नाही. एससी फसतो, कोड मागे जातो, पुन्हा एलआर, पुन्हा ट्रॅप. म्यूटेक्सच्या (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाच्या) फंक्शनमध्ये स्टेप करताना माणूस तासभर त्याच चार ओळींत फिरत राहतो. एलआर दिसला की पुढं एससी शोधा आणि ब्रेकपॉइंट त्याच्या नंतर ठेवा. मध्ये क्रमाबाहेर नेणारी ब्रांच असेल तर तिच्या ठिकाणीही एक.

थांबलेल्या काळात टायमर चालूच असतो, म्हणून पाऊल टाकताक्षणी साठलेला इंटरप्ट येतो. तो नको असेल तर सेव्ह केलेल्या एमस्टेटसमधला एमपीआयई (परतल्यावर इंटरप्ट चालू करणारा) बिट त्या पावलापुरता शून्य करा. मात्र ती इन्स्ट्रक्शनच एमस्टेटसला हात लावणारी असेल तर तसं करू नका.

मधेच: मोटर थांबत नाही

ब्रेकपॉइंटवर प्रोग्राम थांबतो, कॉन्टॅक्टर थांबत नाही. उन्हाळ्यात बोअरचं पाणी तळाला गेलेलं असताना ड्राय रन तपासणारा कोड तुम्ही ब्रेकपॉइंटवर धरून चहाला गेलात तर सबमर्सिबल कोरडी फिरून जळते. टेबलावर काम करताना कॉन्टॅक्टरच्या कॉइलऐवजी इंडिकेटरचा दिवा जोडा. शेतातच काम करायची वेळ आली तर स्टबमध्ये शिरताना रिले बंद करा आणि आपोआप परत लावू नका.

वॉचडॉग (ठरलेल्या वेळेत हाक आली नाही तर रीसेट करणारा टायमर) चालू असेल तर तोही थांबलेला बोर्ड रीसेट करतो. रॅममधले ब्रेकपॉइंट जातात आणि जीडीबी टाइमआउट दाखवतो. पॅकेटची वाट पाहणाऱ्या लूपमध्ये वॉचडॉगला खाऊ घाला.

आणि हे जिवाचं आहे: स्वस्तातल्या बऱ्याच कंट्रोलरांत ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटरवरून थेट मेन्समधून व्होल्टेज उतरवलेलं असतं. अशा बोर्डाचा ग्राउंड मेन्सपासून वेगळा नसतो. त्याला लॅपटॉपची यूएसबी जोडली तर लॅपटॉप जातो, माणूसही जाऊ शकतो. आयसोलेटेड अडॅप्टर वापरा किंवा बोर्ड बॅटरीवर चालवा. केबल वीतभरच ठेवा. कॉन्टॅक्टर ओढला-सुटला की लांब वायरीत ठिणगीचा आवाज शिरतो आणि चेकसम चुकायला लागतात. म्हणूनच सीरियलवर पावती बंद करणारा नो-ॲक मोड घेऊ नये.

पायरी ६: जीडीबीच्या बाजूला

चिपमध्ये जादा रजिस्टर असतील तर स्टबने टार्गेटचं वर्णन एक्सएमएलमध्ये द्यावं. रिस्क-फाइव्हसाठी सीपीयूच्या फीचरमध्ये ३२ रजिस्टर आणि पीसी असलेच पाहिजेत. कंट्रोल रजिस्टरांचे क्रमांक जीडीबीत ६५ पासून सुरू होतात. ‘जी पॅकेट रिप्लाय इज टू लाँग’ असं दिसलं तर वर्णनातली बेरीज आणि स्टबने पाठवलेली अक्षरं जुळत नाहीत.

स्वतःचं आर्किटेक्चर असेल तर आधी बिनयुटिल्सचा (असेंब्लर, लिंकर यांच्या संचाचा) पोर्ट हवा: त्यातल्या बीएफडी या लायब्ररीला नाव कळलं पाहिजे आणि डिसअसेंब्लर चालला पाहिजे. त्यानंतर जीडीबीत टीडेप नावाने संपणारी एक फाइल लिहायची आणि कॉन्फिगरच्या टार्गेट यादीत तिची नोंद करायची. त्या फाइलमध्ये वरच्याच प्रश्नांची उत्तरं फंक्शनच्या रूपात असतात: रजिस्टरची संख्या, नावं आणि टाइप, पीसी व एसपी कुठला, ब्रेकपॉइंटचे बाइट, ड्वार्फचं रूपांतर, उत्तर कुठं मिळतं, आणि फ्रेम, म्हणजे प्रत्येक कॉलचा स्टॅकवरचा तुकडा, कशी उलगडायची.

यातली फ्रेम सोडून बाकी तासाभराची कामं. फ्रेमचे दोन मार्ग. कंपायलरने सीएफआय, म्हणजे फ्रेम उलगडायची नोंद, दिला असेल तर ड्वार्फचा अनवाइंडर जोडा आणि त्याला पहिला मान द्या. सीएफआय नसेल तर प्रोलॉग वाचावा लागतो: फंक्शनच्या सुरुवातीपासून इन्स्ट्रक्शन बघत जायचं, स्टॅक पॉइंटर किती खाली गेला आणि रिटर्न ॲड्रेस कुठल्या ऑफसेटवर ठेवला ते टिपायचं. वाचन सध्याच्या पीसीपाशी थांबवा. प्रोलॉग अर्धाच झालेला असेल आणि तुम्ही पूर्ण झाल्याचं धरलं, तर फंक्शनच्या पहिल्या दोन इन्स्ट्रक्शनवर बॅकट्रेस हमखास खोटा येतो. रिस्क-फाइव्हवर लीफ (दुसऱ्या कुणाला न बोलावणारं) फंक्शन बहुधा रिटर्न ॲड्रेस स्टॅकवर ठेवतच नाही, तो एक्स१ मध्येच असतो. मधल्या फ्रेमला मात्र ही सवलत नाही.

बॅकट्रेस ‘प्रीव्हियस फ्रेम आयडेंटिकल’ म्हणून तुटला तर दोषी बहुतेक हाताने लिहिलेली असेंब्ली असते. तिथं सीएफआयच्या ओळी घाला. स्टार्टअप कोडमध्ये रिटर्न ॲड्रेस अनडिफाइंड आहे असं सांगा, म्हणजे उलगडा तिथं शांतपणे संपतो.

पायरी ७: तपासणी

आधी क्यूईएमयूच्या व्हर्ट मशीनवर चालवा. तिथली रॅम हेक्स ८००००००० पासून आणि यूएआरटी हेक्स १००००००० वर असतो. सीरियल पोर्ट टीसीपीला जोडून एक जीडीबी तुमच्या स्टबला लावा, आणि दुसरा क्यूईएमयूच्या स्वतःच्या १२३४ पोर्टला. म्हणजे स्टबलाच डीबग करता येतं. दोन्हीकडून रजिस्टर छापून शेजारी ठेवले की तक्त्यातली चूक लगेच उघडी पडते. रिमोट डीबग चालू केलं की प्रत्येक पॅकेट पडद्यावर दिसतं, ते सुरुवातीला कायम चालूच ठेवा.

बोर्डावर हा क्रम घ्या. रजिस्टर वाचा, एक बदला, पुन्हा वाचा. रॅममध्ये लिहून तपासा. नसलेला पत्ता वाचा, मग कंटिन्यू करा. १० हजार फेऱ्यांच्या लूपमध्ये ब्रेकपॉइंट लावून २० वेळा कंटिन्यू करा आणि काउंटर २० नेच वाढला का बघा. २ बाइटच्या इन्स्ट्रक्शनवर ब्रेकपॉइंट, मग ४ बाइटच्या पण २ च्या पटीतल्या पत्त्यावर. कंट्रोल-सी दाबा. तो पॅकेट नसतो, नुसता ३ हा बाइट येतो, म्हणून यूएआरटीच्या इंटरप्टमध्ये तो ओळखावा लागतो. प्रोग्रामने इंटरप्ट बंद केलेले असतील त्या काळात तो पोचणार नाही. फर्मवेअरचे प्रिंट त्याच पोर्टवरून जात असतील तर ते मोठ्या ओच्या पॅकेटमध्ये हेक्स करून पाठवा, नाहीतर ते पॅकेटांत मिसळतात.

११५२०० वर सगळे रजिस्टर यायला साधारण २३ मिलिसेकंद लागतात. ९६०० वर पाव सेकंदाहून जास्त, आणि जीडीबीची ओळीने पुढं जाण्याची कमांड आत अनेक पावलं टाकत असल्यामुळे हाताला ते रेंगाळल्यासारखं लागतं. तेवढ्यासाठी वेग वाढवण्याआधी थांबल्याच्या उत्तरातच पीसी आणि स्टॅक पॉइंटर पाठवा, म्हणजे मोठ्या एसऐवजी मोठा टी. मग बऱ्याच पावलांना बाकीचे ३१ रजिस्टर मागवायची वेळच येत नाही. पण एक-एक रजिस्टर वाचणारा लहान पी शिकवलेला नसेल, तर एखादाच लागला तरी जीडीबी पुन्हा सगळे १३२ बाइट मागवतो.